चेटकिणींच्या कादंबऱ्या आणि सेलमची कागदपत्रे



'अलीकडे वाचलेली पुस्तके' या विषयावर बोलाल का, असे व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विचारले तेव्हा मी होकार दिला खरा, पण काहीशा चोरट्या मनाने. गेल्या वर्ष-दोन वर्षांत मी जे वाचले त्यातील निम्म्या पुस्तकांचे नाव या व्यासपीठावरून घ्यावे की नाही, अशी शंका यावी अशा जातीची ती आहेत. चेटकिणी, रक्त पिणारी पिशाच्चे आणि त्यांची प्रेमप्रकरणे हा त्यांचा विषय. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात या जातीला 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणतात. आपण अलौकिक प्रणयकथा म्हणू. उरलेले निम्मे वाचन इतिहासाचे झाले. आणि योगायोग असा की दोन्ही प्रकारची पुस्तके मला एकाच गावी घेऊन गेली. ते गाव म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले सेलम.

या वाचनाची सुरुवात माझ्या भाचीने करून दिली. ती महाविद्यालयात शिकते, आणि सुट्टीला आली म्हणजे तिच्या उशाशी जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची चळत असते. मी एकदा त्यावर थोडे नाक मुरडले. तेव्हा ती म्हणाली, "आत्या, न वाचता नावे ठेवणे तुला शोभत नाही." चाळीस वर्षे वाचनालयाची सभासद असलेल्या बाईला हे बोल लागायचेच. मी त्यातले वरचे पुस्तक उचलले, आणि कबूल करते, रात्री दोन वाजेपर्यंत दिवा मालवला नाही.

या कादंबऱ्यांची वंशावळ थोडक्यात सांगते. इंग्रजी वाङ्मयातले रक्तपिपासू पिशाच्च, म्हणजे व्हँपायर, सभ्य कपडे घालून दिवाणखान्यात आले ते १८१९ साली जॉन पोलिडोरीच्या कथेतून. १८९७ साली ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला आला आणि त्याने जगभर धाक बसविला. (मध्यंतरी १८७० साली रिचर्ड बर्टनसाहेबांनी आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि बिचाऱ्या वेताळाला 'व्हँपायर' करून टाकले. आपला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो, न्यायनिवाड्याचे पेच टाकतो. रक्त पिण्याची त्याला विशेष हौस नाही. पण साहेबांना जवळचा शब्द तोच सापडला असावा.) पुढे भीतीचा विषय हळूहळू प्रीतीचा झाला, आणि २००५ साली स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट'ने तर शाळकरी मुलींना व्हँपायरच्या प्रेमात पाडले. त्या पुस्तकाविषयी माझे मत फारसे बरे नाही. नायक रात्री नायिकेच्या खोलीत तिच्या नकळत येऊन ती झोपलेली पाहत बसतो, आणि हे तिला कळल्यावर तिला संताप येत नाही. आपल्या गल्लीतल्या एखाद्या मुलाने हे केले असते तर आपण पोलिसांत गेलो असतो.

परंतु मी जे पुस्तक रात्री दोनपर्यंत वाचले ते निराळे. डेबोरा हार्कनेस यांची 'ए डिस्कव्हरी ऑफ विचेस' ही २०११ सालची कादंबरी. बाई दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. राणी एलिझाबेथच्या काळातील लंडनमध्ये वनस्पती गोळा करणारे, औषधे काढणारे, यंत्रे बनविणारे सामान्य लोक विज्ञानाची घडण कशी करीत होते, यावर त्यांचा 'द ज्वेल हाउस' हा ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला. जॉन डी या त्या काळच्या गूढविद्येच्या अभ्यासकाकडे असलेले आणि पुढे नाहीसे झालेले एक हस्तलिखित १९९४ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात त्यांनाच सापडले. अशा बाईने कादंबरी लिहिली तर तिचा आरंभ कोठे होणार? बॉडलियन ग्रंथालयातच. डायना बिशप ही नायिका इतिहाससंशोधक आहे. ती एक जुनी पोथी मागविते, आणि ती पोथी मंतरलेली निघते. मागणीची चिठ्ठी, वाचनकक्षातील शांतता, कातडी बांधणीचा वास ही वर्णने मला प्रेमप्रसंगांपेक्षाही गोड वाटली. ज्याने एकदा तरी जुन्या ग्रंथालयात दुपार काढली आहे त्याला ती पाने ओळखीची वाटतील.

डायना चेटकीण आहे, आणि तिचा प्रियकर सुमारे पंधराशे वर्षे जगलेला व्हँपायर. तो जनुकशास्त्रज्ञही आहे. हा गृहस्थ पुष्कळदा तिच्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकतो आणि ग्रंथकर्त्री त्याचे समर्थन 'व्हँपायरांचा स्वभावच तसा' म्हणून करते. हे समर्थन आपल्याकडे पुरुषांच्या बाबतीत आपण बरेच ऐकलेले आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते तिच्या कुळाविषयी. डायना आईकडून बिशप आणि वडिलांकडून प्रॉक्टर. ही दोन्ही आडनावे सेलमच्या इतिहासातून उचललेली आहेत. १६९२ साली तेथे चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी गेलेली पहिली स्त्री ब्रिजेट बिशप ही डायनाची पूर्वज दाखविली आहे, आणि डायनाची जादू याच वंशातून तिच्याकडे आली आहे.

येथे मी पुस्तक मिटले आणि इतिहासाची पुस्तके मागविली. त्यांतून जे कळले ते सांगते.

१६९२ च्या आरंभी सेलम व्हिलेज या खेड्यात, म्हणजे आजच्या डॅनव्हर्समध्ये, तेथल्या धर्मोपदेशकाच्या घरातील दोन मुलींना झटके येऊ लागले. एक त्याची नऊ वर्षांची मुलगी, दुसरी अकरा वर्षांची नात्यातली. मुलींना कोणी तरी छळते आहे असे ठरले. मग छळणारीचे नाव हवे. पहिली तीन नावे निघाली ती घरातील गुलाम टिटुबा, भीक मागत फिरणारी सारा गुड आणि आजाराने अंथरुणाला खिळलेली सारा ऑस्बर्न यांची. नाव घ्यायला सोपी कोण असते, हे यावरून ध्यानात येईल. पुढे आग पसरली आणि दीडशेहून अधिक माणसे पकडली गेली. एकोणीस जणांना फासावर चढविले. त्यांत चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने न्यायालयाला उत्तर देण्याचे नाकारले म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडून मारले. काही माणसे तुरुंगातच मेली. सेलममध्ये कोणालाही जाळले नाही. 'जाळलेल्या चेटकिणी' हा शब्दप्रयोग जो सर्रास कानी येतो तो युरोपातील काही देशांना लागू आहे, इंग्रजी कायद्याच्या या वसाहतीला नाही.

पुरावा कसला घेतला, ते ऐकण्यासारखे आहे. झटके येणारी मुलगी भर न्यायालयात म्हणे, या बाईची छाया मला चिमटे काढते आहे. छाया इतरांना दिसत नसे. बाई त्या वेळी आपल्या घरी पोळपाटाशी बसली होती हे दहा शेजाऱ्यांनी सांगितले तरी उपयोग नाही. कारण आरोप तिच्या देहावर नाहीच, छायेवर आहे. शिवाय शेजाऱ्यांच्या जुन्या तक्रारी: हिच्याकडून डुकरीण घेतली ती आजारी पडली, हिच्याशी भांडण झाले आणि मूल खंगले. ब्रिजेट बिशप तीनदा लग्न झालेली, जिभेची तिखट, आणि तिच्यावर बारा वर्षांपूर्वीही असाच आळ आलेला. १९ एप्रिल १६९२ रोजी तिची चौकशी झाली त्याचे टिपण उपलब्ध आहे. आपण निरपराध आहोत, चेटकीण म्हणजे काय हेही आपल्याला ठाऊक नाही, असे तिने सांगितले. त्यावर दंडाधिकाऱ्यांनी विचारले की, चेटकीण म्हणजे काय हे ठाऊक नाही, तर तू चेटकीण नाहीस हे तुला कसे ठाऊक? १० जून रोजी तिला फाशी दिले.

आता या साऱ्या प्रकरणातील एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर मला हार्कनेसबाईंची कादंबरी पूर्वीसारखी वाचता येईना. सेलममध्ये ज्यांनी 'होय, मी चेटूक केले' असे कबूल केले आणि ती कबुली कायम ठेवली, त्यांच्यापैकी एकालाही फाशी झाली नाही. फासावर गेले ते 'नाही' म्हणणारे. सॅम्युएल वॉर्डवेल नावाच्या सुताराने आधी कबुली दिली आणि मग ती खोटी म्हणून मागे घेतली. त्याला फाशी दिले. म्हणजे 'मी चेटकीण आहे' एवढे तीन शब्द बोलली असती तर ब्रिजेट बिशपचा जीव वाचण्याचा संभव होता. ते शब्द तिने उच्चारले नाहीत. तीनशेहून अधिक वर्षांनी एक विदुषी कादंबरी लिहिते आणि तेच शब्द तिच्या वतीने उच्चारते. प्रेमाने, अभिमानाने, नायिकेला थोर कुळ मिळावे म्हणून. पण अर्थ काय झाला? दंडाधिकाऱ्यांचा अंदाज बरोबर होता.

तारखाही मोठ्या बोलक्या आहेत. १७११ साली मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने पुष्कळांवरील दोषारोप रद्द करून वारसांना भरपाई मंजूर केली. त्या यादीत ब्रिजेट बिशपचे नाव नव्हते. तिच्यासाठी बोलणारे कोणी नव्हते. २००१ साली तिचे नाव कायद्यात घालून तिला निर्दोष ठरविण्यात आले. म्हणजे ३०९ वर्षे लागली. आणि २०११ साली कादंबरी आली.

मी हे भाचीला बोलून दाखविले. तिचे उत्तर मला सहजी खोडता आले नाही, म्हणून ते आपल्यापुढे जसेच्या तसे ठेवते. ती म्हणाली, "आत्या, तुझ्या इतिहासात ती बाई मरते आणि संपते. गोष्टीत तिची ताकद तिच्या नातीच्या नातीपर्यंत पोचते. मला मेलेली बाई वाचायची नाही, जिंकलेली वाचायची आहे." यात तथ्य आहे. या कादंबऱ्या लिहितात त्या बहुतेक बायका, आणि वाचतात त्याही बायकाच. शतकानुशतके ज्या शब्दाने बायकांना भ्यायला लावले तो शब्द उचलून दागिन्यासारखा अंगावर घालावा, ही ऊर्मी मला कळते. फक्त तो दागिना कोणाच्या गळ्यातला आहे, हे घालणारीला ठाऊक असावे.

कॅथरीन हाउ यांचे उदाहरण याहून विलक्षण आहे. सेलमच्या खटल्यांत सापडलेल्या दोन स्त्रिया त्यांच्या स्वतःच्या घराण्यातल्या. २००९ साली त्यांनी 'द फिजिक बुक ऑफ डिलिव्हरन्स डेन' ही कादंबरी लिहिली. हार्वर्डमधील एक विद्यार्थिनी आजीच्या ओसाड घरात एक किल्ली आणि एक नाव शोधून काढते, तिला एका चर्चच्या शिखराची डागडुजी करणारा तरुण भेटतो, आणि शेवटी आरोपींपैकी एकीजवळ खरोखरीच विद्या होती असे निघते. गोष्ट चांगली बांधली आहे. औषधी पाल्याची आणि जुन्या नुसख्यांची माहितीही मन लावून मिळविलेली. पुढे २०१४ साली याच बाईंनी इंग्लंड आणि अमेरिकन वसाहतींतील चेटूक-खटल्यांच्या मूळ कागदपत्रांचा एक संग्रह संपादित केला, आणि तो संग्रह कादंबरीपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

कारण डिलिव्हरन्स डेन ही खरी बाई होती. सेलमजवळच्या अँडोव्हरची. तिनेही दबावाखाली कबुली दिली, तुरुंगात राहिली आणि वाचली. सुटकेच्या सुमारास तिने आणि आणखी पाच बायकांनी सही करून एक निवेदन दिले. त्यात त्यांनी सांगितले की, आमचे डोळे बांधून आमचे हात झटके आलेल्या माणसांवर ठेवविले. ती शांत झाली, म्हणून आम्ही दोषी ठरलो. आम्ही घाबरून गेलो. आमचेच नातलग आम्हांला कबूल करा म्हणून विनवू लागले, कारण जीव वाचण्याची दुसरी वाट त्यांना दिसेना. भल्या भल्या गृहस्थांनी तुम्ही चेटकिणीच आहात आणि हे तुम्हांलाही ठाऊक आहे असे इतक्या वेळा ऐकविले की आमचे भान सुटून आम्हांलाही क्षणभर तसेच वाटू लागले. या संबंध वाचनात मला सर्वांत भयंकर वाटलेला कागद हाच. एकाही भुताच्या गोष्टीने माझ्या अंगावर असा काटा आणला नाही.

इतिहासाच्या दोन पुस्तकांविषयी आता लवकर सांगते. स्टेसी शिफ यांचे 'द विचेस: सेलम, १६९२' हे २०१५ सालचे. बाईंची लेखणी तेजस्वी, पण माणसांची इतकी गर्दी की दर दहा पानांनी मागे वळून बघावे लागते. त्यांची एक लकब मला खटकली. ॲन फॉस्टर ही अँडोव्हरची वृद्ध विधवा. अनेक दिवस प्रश्न विचारून तिच्याकडून कबुली काढली की, आपण एका मैत्रिणीबरोबर काठीवर बसून उडत गेलो, खिशात पाव आणि चीज होते, वाटेत काठी मोडली आणि आपण पडलो. शिफबाई हे उड्डाण खरोखर झाले अशा थाटात सांगतात, त्या काळच्या माणसाला ते किती खरे वाटे हे आपल्याला उमगावे म्हणून. हेतू चांगला. पण झोडपून काढलेल्या कबुलीला इतके सुंदर पंख लावू नयेत असे वाटते. या म्हातारीच्या मुलीनेही आणि नातीनेही कबुल्या दिल्या, आणि म्हातारी डिसेंबर १६९२ मध्ये तुरुंगात मेली.

इमर्सन बेकर यांचे २०१४ सालचे 'ए स्टॉर्म ऑफ विचक्राफ्ट' कोरडे आहे, पण भरवशाचे. लोकांना एकच कारण हवे असते. राय धान्यावरच्या बुरशीने लोकांना भ्रम झाला, हा तर्क १९७६ साली पुढे आला आणि त्याच वर्षी तो खोडलाही गेला. तरी अजून तो कोणी ना कोणी ऐकवितोच. बेकर तसे सोपे उत्तर देत नाहीत. उत्तरेकडच्या सरहद्दीवरील युद्ध, तेथून पळून आलेले निर्वासित, नवी सनद घेऊन आलेले कच्चे सरकार, धर्मोपदेशकाच्या पगारावरून गावात पडलेले तट, खराब हंगाम, असे धागे ते एकेक करून उलगडतात. फाशीची नेमकी जागा निश्चित करणाऱ्या मंडळात ते स्वतः होते. २०१६ साली त्यांनी जाहीर केले की ती टेकडीच्या माथ्यावर नसून खालच्या प्रॉक्टर्स लेज या खडकाळ उतारावर आहे, एका औषधांच्या दुकानामागे. २०१७ साली तेथे साधे स्मारक झाले. गावात मात्र पोलिसांच्या गाड्यांवर केरसुणीवर बसलेली चेटकीण रंगविलेली असते, आणि ऑक्टोबरात प्रवाशांची रीघ लागते.

आपण म्हणाल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. तर आपल्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची काढून वाचा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरात हा कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटविते, रोगराई पसरण्यास ती कारण आहे, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सेलमच्या साक्षी आणि ही अनुसूची शेजारी ठेवली तर गुरेसुद्धा तीच. सातपुड्याच्या भागात 'डाकीण' ठरवून बायकांना छळल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

आणि सातपुड्यापर्यंत जायलाही नको. माझ्या आजोळी, चांगल्या शिकल्यासवरल्या आळीत, एक एकटी विधवा राहत असे. कोणाची म्हैस आटली की लोक तिच्या दाराकडे बघत. तिने दिलेले ताक आमच्या घरात मोरीत ओतले जाई. ती समोरून आली की आम्ही पोरे अंगठा मुठीत दडवीत असू; मीही दडवीत असे. तिला कोणी मारले नाही, कोणी कोर्टात नेले नाही. एका उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ती घर सोडून भावाकडे निघून गेली होती, आणि माझ्या मामेबहिणीने मला हळूच सांगितले की बरे झाले. त्या वयात माझ्या हाती एखादी सुंदर प्रणयकथा असती, आणि तीत चेटकिणी खऱ्या असतात पण चांगल्या असतात असे असते, तर मी त्या बाईला थोडी कमी भ्याले असते की अधिक, याचा मी पुष्कळ विचार केला. चांगली असो वा वाईट, 'ती तसली आहे' एवढे तर मी धरूनच चालले असते.

भाचीचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. मागल्या महिन्यात तिने हार्कनेसबाईंची २०२४ सालची 'द ब्लॅक बर्ड ऑरॅकल' ही याच मालेतील पुढची कादंबरी आणली, आणि मी ती तिच्याआधी वाचून संपविली, हेही सांगून टाकते. तिने माझ्याकडून बेकर नेला आहे. परवा तिचा निरोप आला की, त्या सहा बायकांचे निवेदन दोनदा वाचले, आणि सही करणाऱ्यांमध्ये आई आणि मुलगी अशी जोडी आहे का, ते बघून सांग. मेरी टायलर आणि हॅना टायलर अशी दोन नावे त्या सह्यांत आहेत. ते कागद घेऊन मी उद्या सकाळी वाचनालयात बसणार आहे. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी दहानंतर यावे.